हाताची लाज आणि दीड इंचाचे पाते

आमच्या शहरातल्या एका शाळेच्या संचालक मंडळापुढे गेल्या उन्हाळ्यात मी एक साधा प्रस्ताव ठेवला होता. आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी शनिवारी दुपारी दोन तास लाकूड कोरण्याचा वर्ग. फी नाही, मानधन नाही, लाकूड माझे. पहिले दोन महिने प्रत्येकाने आपला कोरायचा चाकू स्वतः घडवायचा आणि मग त्याच चाकूने चमचा, कंगवा, चिमणी, जे जमेल ते करायचे. प्रस्ताव फेटाळला गेला. शाळा त्यांची, निर्णय त्यांचा. पण ज्या कारणांनी तो फेटाळला गेला, त्यांवर गप्प बसणे मला शक्य नाही. ती कारणे त्या पाच-सात सदस्यांची खासगी मते नाहीत. आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येक शिकलेल्या घरात ती ऐकू येतात, आणि आपल्याबाहेरच्या शिकलेल्या महाराष्ट्रातही.

एक सदस्य म्हणाले, "भाई, आपल्या पोरांना सुतार-लोहार करायला ही शाळा काढलेली नाही." दुसऱ्यांचे म्हणणे, असले चाकू आता ऑनलाइन संचात मिळतात, मागवून टाका, घडवण्यात वेळ कशाला घालवता? तिसरे माझे लांबचे मामू लागतात. त्यांनी आवाज खाली करून दख्खनीत विचारले, "मुसलमानां के स्कूल में चाकू बनाने का क्लास? कल पेपर में क्या छपेंगा, सोचा क्या तू?" या प्रश्नावर बैठकीत कुणी हसले नाही.

उत्तर देण्याआधी हा चाकू म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण नुसता 'चाकू' शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते. लाकूड कोरायच्या चाकूचे पाते दीड इंच लांब असते, फार तर दोन. रुंदी अर्धा इंच, जाडी दोन मिलिमीटरच्या आत. मूठ मात्र तळहाताएवढी, भरीव, चार-पाच इंचांची. हातात धरला तर मूठच दिसते, पाते बोटांपुढे चिमणीच्या चोचीइतके डोकावते. आपल्या स्वयंपाकघरातली कांदा चिरायची सुरी याच्या तिप्पट लांब असते.

मी पेशाने हिशेबनीस. दिवसभर लोकांची जीएसटीची विवरणपत्रे भरतो. रविवारी गच्चीवर हा उद्योग करतो, गेली नऊ वर्षे. पोलाद भंगारातून येते. सगळ्यांत चांगला माल म्हणजे जुनी, दात झिजलेली कानस. जुन्या कानशीत साधारण सव्वा टक्क्यापर्यंत कार्बन असतो, आणि धार टिकते ती कार्बनमुळे. हल्लीच्या काही स्वस्त कानशी वरवरच कडक केलेल्या असतात, आत मऊ लोखंड. ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहाव्यात. चांगल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, मऊ लोखंडाच्या नुसत्या लांब रेघा निघतात. ट्रकच्या पाट्याचे पोलाद चिवट, कोयत्याला उत्तम, पण बारीक कोरीव कामाला कार्बन जरा कमी पडतो. मोठ्या यांत्रिक करवतीचे तुटलेले पाते मिळाले तर फारच सोपे. ते हायस्पीड पोलादाचे असते, घासताना तापले तरी धार मरत नाही. पुन्हा पाणी द्यावे लागत नाही, आणि खरे तर घरच्या शेगडीवर देताही येत नाही.

कानस आधी मऊ करावी लागते. कोळशाच्या शेगडीत लाल करून राखेत पुरायची आणि रात्रभर तशीच निवू द्यायची. सकाळी ती दुसऱ्या कानशीला आपले अंग देते. मग व्हाइसमध्ये धरून घासत बसायचे, आकार येईपर्यंत. एक पाते घासायला मला तीन संध्याकाळी लागतात. त्यानंतर खरी परीक्षा, पाणी देण्याची. पाते पुन्हा तापवायचे आणि सोबत एक लोहचुंबक ठेवायचे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचे थांबते. त्याहून थोडे पुढे, पिकलेल्या चेरीसारखा लाल रंग आला की कोमट शेंगदाणा तेलात बुडवायचे. 'पाणी देणे' म्हणतो आपण, पण एवढ्या पातळ पात्याला खरे पाणी दिले तर ते तडकते. तेलाच्या डब्याला झाकण जवळ हवे, भडका उडाला तर. बाहेर काढलेल्या पात्यावर कानस फिरवली की ती काचेवरून घसरावी तशी घसरते. इतके कडक पाते काचेसारखेच फुटतेही, म्हणून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर, असे दोनदा भाजायचे. वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढला की थांबायचे. निळा चढला तर पाते मऊ पडले, पहिल्यापासून सुरुवात.

मग मूठ. बाभळीची किंवा खैराची. पात्याचे शेपूट आत घालून पूर्वी लाखेने बसवत, मी आराल्डाइटने बसवतो. शेवटी कुरुंदाचा दगड, त्यावर पाणी, आणि चामड्याचा पट्टा. न्हाव्याच्या दुकानात वस्तरा ओढायला असे तसाच.

हे सगळे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण दुसऱ्या सदस्यांच्या प्रश्नात आहे. संच मागवला तर हे सगळे वाचेल. वाचेलच. पण मुले काय शिकली असती, तेही वाचेल. शाळेत आपण कार्बन शिकवतो, चुंबकत्व शिकवतो, उष्णता आणि स्फटिकरचना शिकवतो, फळ्यावर. चुंबकाची पकड सुटते तो क्षण मुलाने लाल पात्यापाशी चुंबक नेऊन एकदा पाहिला, तर ते तापमान त्याला पाठ करावे लागणार नाही. आणि संचांचे सांगायचे तर मी तीन मागवून पाहिले आहेत. बारा हत्यारांचा डबा, वर मखमल. त्यातली आठ कधी लागत नाहीत, आणि उरलेल्या चारांची धार शिवणीचे लाकूडही नीट घेत नाही. शिवण म्हणजे कोरायला अगदी गरीब स्वभावाचे लाकूड! काही महागड्या पात्यांवर तर लाटांची नक्षी असते आणि नाव 'दमास्कस'. ज्या दख्खनी पोलादावरून दमास्कसच्या तलवारींचा लौकिक झाला, ते इथलेच. तेलंगणातल्या कोनासमुद्रमच्या भट्ट्यांवर इराणी व्यापारी मुक्काम ठोकून ते विकत घेत. आजची नक्षी दोन प्रकारच्या पट्ट्या एकत्र ठोकून आम्लात बुडवून काढतात. दिसायला छान. तिचा आणि त्या जुन्या पोलादाचा संबंध नावापुरता.

माझी मुलगी डावरी आहे. चमच्याचा खोलगट भाग कोरायला वाकडे पाते लागते, आणि त्याची धार एकाच बाजूने काढलेली असते. बाजारातले झाडून सगळे उजव्या हाताचे. डाव्याचे परदेशातून मागवायचे तर तिच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांइतका खर्च. मी दोन दिवसांत तिला करून दिले, पुढचे तिने माझ्याशेजारी बसून स्वतः केले. बाजार सरासरी हातासाठी माल काढतो. मुलांचे हात सरासरी नसतात, लहान असतात, डावे असतात, एखाद्याचे बोट अधू असते.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो, कारण माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. सुतार-लोहार करायला शाळा काढलेली नाही. हे वाक्य उच्चारताना त्या सदस्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो मी आयुष्यभर पाहत आलोय. आपल्याकडची आडनावे जरा उभ्या ओळीत लिहून पाहा. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, मोमीन, लोहार, शिकलगार. ही यादी म्हणजे एका बाजारपेठेची पाटी आहे. कुणी सुगंध विकला, कुणी पाने, कुणी कापूस पिंजला, कुणी विणले, कुणी धार लावली. आपण कोण आहोत, हे आपल्या रेशनकार्डावरच लिहिलेले आहे. तरीही निकाह ठरवताना 'घराणे' विचारले जाते आणि अरबस्तानातून आलेल्या पूर्वजांच्या वंशावळी बाहेर निघतात. हाताने काम करणारा खालचा आणि न करणारा वरचा, ही शिकवण आपण कुठून घेतली? मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि बाहेर पडल्यावर पिंजाऱ्याच्या पोराला मुलगी देताना दहा वेळा विचार करतो. ज्या जातिव्यवस्थेने आपल्या आजोबा-पणजोबांना तुडवले, तिचाच हा माल आपण हिरव्या कागदात गुंडाळून वापरतो.

दीनचा हवाला मला द्यायचा नव्हता, पण त्या बैठकीत 'आपली तहजीब' हा शब्द तीनदा आला, म्हणून देतो. कुरआनातल्या सत्तावन्नाव्या सूरेचे नावच लोखंड आहे, अल-हदीद. दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि त्यांना चिलखत घडवायला शिकवले गेले, हे कुरआनातच आले आहे. ते बादशहा होते आणि तरी आपल्या हाताच्या कमाईवर जगत, असे हदीस सांगते. जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते. मक्केत सुरुवातीला ज्यांनी इस्लाम स्वीकारला आणि त्यासाठी अंगावर निखारे झेलले, ते हजरत खब्बाब लोहार होते. जुम्याच्या बयानात हे सगळे किस्से आपण डोळे मिटून ऐकतो. मग घरी येऊन पोराला सांगतो, अभ्यास कर, नाहीतर गॅरेजमध्ये जावे लागेल.

शिकलगार हा शब्दच घ्या. मूळ अरबी 'सैकल', म्हणजे झिलई, पाजळणे. पाजळणारा तो सैकलगर. सूफींनी हाच शब्द मनाच्या आरशासाठी वापरला. इतक्या देखण्या शब्दाचे आपल्याकडे आडनाव झाले आणि मग ते आडनाव लपवायची वस्तू झाली.

आणि या शिकलगारांनी काय केले ते पाहायला आमच्याकडून तासाभरावर जावे लागते, मिरजेला. आदिलशाहीपासून हत्यारे घडवणारी, पाजळणारी घराणी तिथे होती. इंग्रजांचा अंमल आला आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच लोकांनी लाकूड आणि भोपळा हाती घेतला. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव त्यात पहिले घेतात. तलवारी पाजळणाऱ्यांनी सतारी आणि तंबोरे करायला घेतले, आणि असे केले की देशभरातले गवई मिरजेच्या वाटेला लागले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर मिरजेतच घर केले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो, दांडी तुणाच्या लाकडाची. भोपळा आणि दांडी जुळतात तिथे लाकडाची कोरलेली पाने बसवतात, त्यांच्या शिरा कधी जवळून पाहा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वर्तमानपत्रांत फोटो आले, आपल्याच लोकांनी अभिमानाने ते व्हॉट्सअॅपवर फिरवले. फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या मुलाला तिथे चार महिने शिकायला पाठवले असते?

तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराची पेटी मी पाहिली आहे. पटाश्या, दोन रंधे, आणि तळाशी सात-आठ लहान पाती, एकाही पात्यावर कंपनीचे नाव नाही. तुटकी करवत, घड्याळाची स्प्रिंग, एक जुना वस्तरा. "हे कुठून घेतले चाचा?" असे मी विचारले तर ते चमकून माझ्याकडे पाहू लागले, जणू मी विचारले होते की तुमची बोटे कुठून घेतली. लागेल तसे करून घेतले, एवढेच म्हणाले. तलवारीवरून तंबोऱ्यावर जाताना या लोकांना कुणी प्रशिक्षण शिबिर दिले नव्हते. पोलाद कसे वागते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला नव्या कामाचे नवे हत्यार करता येते. ज्याला हत्यार फक्त विकत घेता येते, तो धंदा बुडाला की दुकान उघडायची वाट बघत बसतो.

हे मी एकटाच म्हणत नाही. युरोपच्या उत्तरेला याला 'स्लॉइड' म्हणतात. फिनलंडमध्ये १८६६ पासून ग्रामीण शाळांत मुलांना हस्तकाम सक्तीचे झाले. स्वीडनमध्ये नेस या गावी ऑटो सालोमोन यांनी त्यासाठी शिक्षक घडवायची शाळा चालवली. त्यांच्या क्रमात मुलाच्या हातात येणारे पहिले हत्यार चाकू असे. त्यांचा हेतू सुतार तयार करण्याचा नव्हता. मुलाला नीटनेटकेपणा, धीर आणि श्रमाची किंमत कळावी, हा होता. या देशांतल्या शाळांचे गोडवे आपले शिक्षणतज्ज्ञ प्रत्येक परिसंवादात गातात, पण त्यांच्या वर्गातला चाकू भाषणातून गाळतात.

आणि परदेशात कशाला जायचे? ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातकामाभोवती शिक्षण उभे करण्याची योजना आखायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. सूत कातणे-विणणे, शेती, सुतारकाम यांतून गणित, भूगोल, भाषा शिकवायची, अशी ती कल्पना. झाकीर साहेबांचा फोटो आपल्या बहुतेक शाळांच्या कार्यालयात आहे, त्या बैठकीच्या खोलीतही होता. राष्ट्रपती म्हणून. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस मुलांच्या हाती हत्यार द्या म्हणत होता, हे फोटोखाली लिहिलेले नसते. गंमत म्हणजे आपल्या सदस्यांची शंका त्यांनाही सुचली होती. कमाईवर जास्त भर दिला तर मुलांच्या श्रमाचे शोषण होईल आणि शिक्षण मागे पडेल, हा धोका त्यांच्या समितीने स्वतःच अहवालात नोंदवला. म्हणून त्यांनी योजना टाकून दिली नाही, भर कुठे हवा ते सांगितले. मुस्लिम लीगने त्या योजनेला विरोध केला, त्याची कारणे वेगळी होती. पण ती कारणे संपून पाऊणशे वर्षे उलटली, आणि हातकामाचा तास अजून वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाने रिकामाच जातो. त्यात गणिताचे सर जादा तास घेतात.

मामूंच्या प्रश्नाला मात्र मला हसता येत नाही. भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या दप्तरात हे पाते सापडले तर तो छंद ठरेल आणि माझ्या मुलीच्या दप्तरात सापडले तर त्याची बातमी होईल, हे मलाही कळते. माझी अम्मी अजूनही मी भंगारवाल्याकडून पिशवी घेऊन आलो की आधी दार लावते. म्हणून मी कायदा वाचला, आणि प्रत्येकाने वाचावा. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्राचे माप दिले आहे, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी केलेली पाती त्यातूनही वगळली आहेत. दीड इंच लांब आणि अर्धा इंच रुंद कोरणी त्या मापाच्या आसपासही फिरकत नाही. पोलिसांचे मनाई आदेश लागू असतात तेव्हा कसलेच हत्यार घेऊन रस्त्यावर फिरू नये, हे वेगळे सांगायला नको. इतर दिवशीही कोरणी पेटीत असावी, खिशात नसावी. खिशात ठेवून करायचे असे तिला कामही काही नाही.

पण भीतीने हत्यार टाकायचे ठरवले, तर कुठे थांबणार आहोत? मोहल्ल्यात कसाई आहे, त्याच्याकडे सुरे आहेत. दर्ज्याकडे कात्री, कलिंगडवाल्याकडे पाते, न्हाव्याकडे वस्तरा. अर्धा मोहल्ला पात्यावर जेवतो. संशय घेणाऱ्याला शाळेचा वर्ग लागत नाही, तो बकरी ईदचा सुराही पुरवून वापरतो. आपण मुलांच्या हातून कोरणी काढून घेतली म्हणून त्याचा संशय कमी होणार नाही. आपल्या मुलांना मात्र एक गोष्ट पक्की कळेल. तुझ्या हातात पाते म्हणजे गुन्हा, आणि हे तुला तुझ्याच घरच्यांनी सांगितले.

एक गोष्ट मामूंच्या बाजूने बोलतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याची रील टाकणारी पोरे सगळ्याच धर्मांत आहेत, आपल्यातही आहेत. त्यांच्यावर गुन्हे दाखल होतात आणि व्हायलाच हवेत. माझ्याकडेही दोघे आले होते, "भाई, एक खंजीर बनवून द्या, मूठ भारी पाहिजे." त्यांना मी कानस दिली आणि म्हणालो, बसा, आधी चमच्याचा चाकू घासून काढा. एक तासाभरात उठून गेला. दुसरा अजून येतो. खंजिराचा विषय त्याने परत काढलेला नाही. पाते मिरवण्याची हौस बहुतेक वेळा ते विकत घेणाऱ्याला असते.

इजेची भीतीही बैठकीत निघाली होती, ती रास्त आहे. शाळेने नाही म्हटल्यावर गच्चीवर सहा मुले येऊ लागली, त्यात दोन मुली. नियम थोडेच आहेत. हात लांब करून फिरवला तर जिथवर पोचेल तेवढ्या घेरात दुसऱ्याने बसायचे नाही. पाते मांडीच्या दिशेने कधी नाही. चाकू खाली पडू लागला तर झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचा. आणि धार गेली की काम थांबवून आधी ती लावायची, कारण बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर सुटला की तेच बोटात जाते. भट्टी आणि तेल माझ्या ताब्यात, ते मुलांच्या हाती नाही. एका मुलाचे वडील सुतार आहेत. पहिल्या दिवशी ते जिन्यात उभे राहून गालातल्या गालात हसत होते, दुसऱ्या रविवारी वर आले आणि माझी पटाशी धरायची पद्धत त्यांनी सगळ्यांसमोर सुधारून दिली. मुलाच्या चेहऱ्यावर बापाविषयी जे उमटले, ते पाहायला आमचे संचालक मंडळ तिथे हवे होते.

एक आक्षेप बैठकीत कुणी घेतला नाही, तो माझ्या एका डाव्या विचारांच्या मित्राने घेतला, आणि मला तो सगळ्यांत जड वाटतो. तो म्हणाला, तुझ्यासाठी हा छंद आहे, लोहारासाठी पोट. पोटभर पगार असलेल्या माणसाने रविवारी कानस घासून श्रमाच्या प्रतिष्ठेवर लेख लिहायचा, ही चैन आहे. खरे आहे. माझ्या छंदाने एकाही घिसाड्याची भट्टी पुन्हा पेटणार नाही. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांत लोहार आहे, हातोडा आणि हत्यारांचा संच करणाराही आहे, आणि त्याच योजनेत प्रत्येकाला १५,००० रुपयांचा संच घेण्याची सोय आहे. हत्यार करणाऱ्याला कारागीर म्हणून मान्यता द्यायची आणि शेजारच्या सुताराला तयार संचाची सवय लावायची, हा विरोधाभास माझ्यासारख्याच्या गच्चीवर सुटणार नाही.

तरी माझ्या मित्राला एक सांगतो. हजरत खब्बाबांची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. मक्केतल्या एका बड्या सरदाराने त्यांच्याकडून काम करून घेतले आणि पैसे मागायला गेल्यावर म्हणाला, आधी तुझा धर्म सोड, मग देतो. चौदाशे वर्षांपूर्वी लोहाराची मजुरी थकली होती आणि थकवणाऱ्याकडे कारण तयार होते. आजही कारण तयार असते. आमच्या गल्लीत सायकलवर साण बसवून एक चाचा येतात. पायाने चाक फिरवतात, कात्रीला तीस रुपये, सुरीला वीस. त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी बिऱ्हाडे माझ्याच इमारतीत आहेत. तीच मंडळी मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावतात. माझी मुलगीही पूर्वी गॅलरीतून ओरडून भाव पाडायची, आजीकडून शिकली होती. आपले वाकडे पाते स्वतः दगडावर धरून अडीच तासांत धार आणल्यापासून ती खाली जाते, चाचांच्या चाकाशी उकिडवी बसते आणि पात्याचा कोन ते मनगटातून कसा सांभाळतात ते विचारते. चाचा सांगतात, हळूहळू, चाक न थांबवता. गेल्या वेळी त्यांनी तिच्याकडून पैसे घ्यायला नकार दिला. ती हट्टाला पेटली, आणि शेवटी पूर्ण पन्नास रुपये त्यांच्या सायकलच्या डब्यात टाकून वर आली.